अमावस्येला रुसणारं इंजिन

इंजिनांचे रुसवे तेगिलला तोंडपाठ होते. डिझेल संपत आलं की इंजिन आधी ठसकतं, फिल्टर तुंबला की धापा टाकतं, पाणी शिरलं की पांढरा धूर सोडत बोंबलतं. बंद पडण्याआधी प्रत्येक इंजिन काही ना काही कुरकुर करतंच, असं तो चाळीस वर्षं पारामुलच्या धक्क्यावर येईल त्याला ऐकवत आला होता. ओक्रानच्या 'सेब्योल' होडीचं इंजिन मात्र अवाक्षर न काढता बंद पडायचं. गप्पांतून माणूस उठून चालता व्हावा तसं.

आज दुपारीही तेच झालं. काळ्या खडकापाशी सात बायका पाण्यात होत्या, बुडी मारून समुद्राच्या तळाचं वेचून आणणाऱ्या. ओक्रान होडी त्यांच्याजवळ नेत होती आणि मध्येच इंजिन गप्प. उधाणाची ओढ, भरलेल्या जाळ्या, आणि सातांतली सर्वांत धाकटी अठ्ठावन्न वर्षांची. सगळ्या जणी हात मारत मारत कशाबशा होडीला येऊन चिकटल्या. मग एका मच्छीमारानं दोर टाकून होडी धक्क्यापर्यंत ओढत आणली, आणि वाटभर फुकटचं शहाणपण शिकवलं ते वेगळंच. बाईच्या हातात सुकाणू दिलं की होडीसुद्धा लाजते म्हणे.

ओक्रान तेगिलच्या शेडमध्ये आली तेव्हा तिचे बूट अजून ओलेच होते. छत्तिसाची बाई. शहरात दहा वर्षं बस चालवून गावी परतलेली, गाठीला होतं नव्हतं ते सगळं या होडीत घातलेली. बायकांना सकाळी खडकापाशी सोडायचं, दिवसभर त्यांच्यावर नजर ठेवायची आणि दुपार कलली की परत आणायचं, हे तिचं काम. पारामुलमध्ये बाईनं ते काम करण्याची ही पहिलीच खेप.

"सामचुन, बायकांच्या शेकोटीवर ठरलं," ती म्हणाली. या बेटावर वडीलधारं माणूस म्हणजे सामचुन, मग तो बाप्या असो की बाई. "परवा शंखांचा हंगाम उघडतोय. उद्या संध्याकाळपर्यंत नीट सांगायचं, होडीला काय झालं होतं आणि पुन्हा का होणार नाही. त्यांना पटलं नाही तर परवापासून पलीकडच्या बंदरातली होडी येणार."

"कोण म्हणालं? इन्सुक?"

"अध्यक्ष त्याच. बाकीच्या निखाऱ्यांकडे बघत बसल्या होत्या. वयानं मोठ्या ग्येसेंग सामचुनसुद्धा काही बोलल्या नाहीत." ओक्राननं नाक पुसलं. "त्यांना मी नकोच आहे. निमित्त हवं होतं, ते मिळालं."

ही होडी घे म्हणून तिला तेगिलनंच सांगितलं होतं. इंजिनावर थाप मारून 'तुझ्या लग्नापर्यंत टिकेल' असंही म्हणाला होता, आणि त्यावर ती 'मग जन्मभर टिकायला हवं' म्हणून हसली होती. त्यानंतर त्यानं त्या इंजिनाचा एकच भाग दोनदा बदलला होता. दोन्ही वेळा छाती पुढं काढून घरी गेला होता, आणि दोन्ही वेळा पंधरवड्यात तोंडघशी पडला होता.

"उद्या सकाळी उजाडलं की ये," तो म्हणाला. "आणि तुझी ती वहीपण आण."

तो भाग म्हणजे सोलेनॉइड. मुठीएवढी काळी डबी, डिझेलच्या पंपाला चिकटून बसलेली. किल्ली फिरवली की तिला वीज मिळते, आतली कॉइल एक दांडी ओढून धरते आणि डिझेलची वाट उघडते. वीज गेली की स्प्रिंग दांडी मागं ढकलते, वाट बंद, इंजिन बंद. नवरा दार धरून उभा असेल तोवर घरात जाता येतं, त्यानं हात काढला की दार आपटतं, इतकंच तिचं शास्त्र. त्यामुळं इंजिन न कुरकुरता बंद पडलं की शंका पहिल्यांदा तिच्यावरच यायची.

सकाळी ओक्रान येण्याआधीच तेगिलनं फळीवरच्या डब्यातून आधीच्या दोन्ही डब्या काढल्या. खराब म्हणून उतरवलेल्या. एकेक बॅटरीला लावून पाहिली. टक्. दुसरी लावली. टक्. दोन्ही ठणठणीत. जुना भाग फेकण्याआधी तपासावा हे तो शिकाऊ पोरांना टपली मारून शिकवायचा, आणि स्वतः मात्र निर्दोष माणसाला दोनदा फाशी देऊन मोकळा झाला होता. त्याचं त्यालाच हसू आलं आणि रागही आला.

"डबीत दोष नव्हताच," त्यानं ओक्रानला सांगून टाकलं. लपवून ठेवण्यात काही अर्थ नव्हता.

"मग बदलल्यावर चालायला कशी लागायची?"

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ. वही दाखव."

ओक्रानच्या वहीत तारखा चांद्र महिन्याच्या होत्या. समुद्रावर जगणाऱ्या माणसाला दुसऱ्या तारखा घेऊन काय करायचंय? होडी बंद पडली ते दिवस तिनं लाल पेनानं लिहिले होते. दुसरा. तिसरा. सोळावा. परत दुसरा. सतरावा. कालचा तिसरा.

"उधाण," ओक्रान म्हणाली. "सगळे म्हणतात लाटांनी एखादी तार हलते."

"तुझी वही सांगतेय की गेल्या महिन्यात वादळाची शेपटी येऊन गेली. नवव्या दिवशी, भांगाच्या वेळी, उधाण नसताना. तेव्हा होडी कशी होती?"

"नारळासारखी हेलकावत होती. पण इंजिन नाही बंद पडलं."

"मग लाटांचं नाव घेऊ नकोस."

तेगिल झाकण उघडून पायरीवर बसला. चंद्राचा आणि विजेचा काय संबंध, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं आपलं नेहमीचं सुरू केलं. डबीची तार सोडवली, टेस्ट लॅम्प लावला, किल्ली फिरवायला सांगितली. दिवा लागला.

"वीज तर येतेय," ओक्रान वाकून म्हणाली.

"मागच्या दोन्ही वेळी मीही हेच म्हणालो आणि फसलो. या चिमुकल्या दिव्याला घोटभर वीज पुरते. डबीला दांडी ओढायला बादली लागते. बादली येतेय का ते बघायचं. माझ्या गाडीचा पुढचा बल्ब काढून आण."

ती धावत गेली आणि बल्ब घेऊन आली. त्यानं तो डबीच्या जागी जोडला. एक टोक विजेच्या तारेला, दुसरं डबीच्या पत्र्याला. बल्ब लागला, पण कसा, तर मरणपंथाला लागल्यासारखा. नुसती लालसर रेघ. मग दुसरं टोक त्यानं पत्र्यावरून काढून थेट बॅटरीच्या उणे टोकाला लावलं. त्याबरोबर लख्ख उजेड पडला. ओक्राननं डोळ्यांवर हात घेतला.

"कळलं?" तेगिलच्या आवाजात पहिल्यांदाच जीव आला होता. "जायची वाट साफ आहे. यायची वाट तुंबलीय. वीज डबीपर्यंत जाते, पण परत यायला रस्ता नाही. मग डबी ओढणार कशी आणि धरणार कशी? सगळा घोळ अर्थिंगचा."

मीटर लावून त्यानं खात्री केली. डबी जोडून किल्ली फिरवल्यावर पत्रा आणि बॅटरीचं उणे टोक यांच्यात जवळजवळ काही दिसायला नको होतं. दिसले चार व्होल्ट. बाराच्या बॅटरीतले चार वाटेतच कुणीतरी गिळत होतं.

अर्थिंगचा बोल्ट पत्र्याच्या खाली, कोपऱ्यात होता. डबी बदलताना त्याला हात लावायची गरज पडत नसे, आणि म्हणूनच तो आजवर सुटला होता. तेगिलनं पाना घातला. बोल्ट निघाला तो हिरव्या-पांढऱ्या लपक्यात लडबडलेला. तारेची कडी त्या चिकट थरात रुतून बसली होती. आता उलगडा झाला. हे ओलं असलं की फुगायचं आणि कडीला लोखंडापासून उचलून धरायचं. चार दिवसांनी वाळून आकसलं की कडी परत टेकायची. मग तो नवी डबी बसवायचा आणि श्रेय घ्यायचा.

"समुद्राचं पाणी?" ओक्राननं विचारलं.

समुद्राचं पाणी असलं गुळगुळीत बसत नाही. तेगिलनं बोट नाकाशी नेलं आणि तसाच थांबला. आंबूस, किंचित गोड, राळ्याच्या दाण्याचा वास. हा वास ओळखायला त्याला मीटर लागणार नव्हता. रोज संध्याकाळी जेवणाआधी वाटीतून हाच तर त्याच्या नाकाकडे यायचा.

अमावस्या आणि पौर्णिमा. होडीच्या देवाला दारू दाखवायचे दिवस.

"सामचुन? काय आहे?"

"काही नाही. गंज," तो म्हणाला आणि पॉलिश पेपरानं लोखंड घासायला बसला. "जा, डिझेल भर. आज तीन तास खडकाला फेऱ्या मारायच्यात."

तीन तास इंजिन एकदाही अडखळलं नाही. त्यानं मुद्दाम दहा वेळा बंद करायला लावलं, दहा वेळा चालू करायला लावलं. ओक्रानचा चेहरा हळूहळू सैल होत गेला आणि शेवटच्या फेरीला तर ती शिट्टी वाजवत होती. पण धक्क्याला लागताना तिनं विचारलंच, "गंज का चढला ते संध्याकाळी सांगावं लागेल. इन्सुक सामचुन सोडणार नाहीत."

"सांगतो मी," तेगिल म्हणाला आणि तडक ग्येसेंगच्या घराकडे चालू लागला.

पारामुलमध्ये राळ्याची दारू अजून घरी गाळणारं एकच घर उरलं होतं. ग्येसेंग एकोणऐंशी वर्षांची. अजूनही बुडी मारायची, आणि वर आल्यावर तिची शिट्टीसारखी हूं धक्क्यापर्यंत ऐकू यायची. अंगणात काळ्या दगडाच्या कुंपणाला टेकून ती मुळे कापत बसली होती.

"ये रे. जेवलास का?"

"जेवलो. सामचुन, या अमावस्येला तुम्ही होडीवर गेला होतात?"

"गेले होते की. पहाटेच. का?"

"दारू घेऊन?"

"मग काय चहा घेऊन? एक वाटी ओतली, हात जोडले, आले."

"कुठं ओतलीत?"

"कुठं म्हणजे? तू दाखवलंस तिथं. त्या काळ्या डबीवर."

"मी? मी कधी दाखवलं?"

"वसंतात होडी आली तेव्हा. आम्ही सगळ्या जणी पायरीवर उभ्या होतो. या सगळ्या लोखंडात मुख्य काय, असं कुणीतरी विचारलं. तू मोठ्या ऐटीत म्हणालास, ही डबी इंजिनाचा श्वास धरून ठेवते. हिनं सोडला की खेळ खलास." ग्येसेंगनं सुरी खाली ठेवली. "पंधराव्या वर्षापासून मी श्वास धरूनच पोट भरतेय. तो मध्येच सुटला तर काय होतं, ते मला तू नको सांगायला. मग देवाला द्यायचं ते तिथंच नको का द्यायला? बाकीचे होडीवाले पुढच्या टोकाला, नाळेवर ओततात, त्यांना काय कळतंय."

तेगिलला ते वाक्य आता आठवलं. सात बायका कौतुकानं ऐकतायत म्हटल्यावर जीभ जरा जास्तच चालली होती. एका वाक्याची मिजास, आणि त्यापायी सहा वेळा होडी अडकली. त्यानं बोल्टची गोष्ट सांगितली. जमेल तेवढ्या मऊ शब्दांत सांगितली, पण मऊ शब्दांनी बोल्ट काही मऊ होत नाही.

ग्येसेंगनं अर्धा कापलेला मुळा बाजूला सारला. "म्हणजे पोरीच्या पोटावर मीच पाय देत होते."

"तसं कोण म्हणतंय? आणि कुणाला कळणारही नाही. माझा बोल्ट सैल राहिला होता, असं सांगतो मी."

"तुझं नाव जाईल की."

"चाळीस वर्षांचं आहे. थोडं झिजलं म्हणून काही फाटत नाही. तुम्ही फक्त पौर्णिमेला त्या डबीकडे फिरकू नका."

"जा तू," ग्येसेंग म्हणाली. एरवी तिच्या अंगणातून कुणी वाटीभर घेतल्याशिवाय परत जात नसे. आज तिनं विचारलंसुद्धा नाही, आणि तेगिलला ते फार लागलं.

संध्याकाळी सूर्य कलताना शेकोटी पेटली. धक्क्याशेजारी दगडांचं गोल कुंपण, मध्ये जाळ, भोवती सात बायका. बसायची जागाही ठरलेली. वारा पाठीला घेणारी उबेची जागा ग्येसेंगची, तिच्या शेजारी अध्यक्ष इन्सुक, मग बाकीच्या. ओक्रान कडेला उभी होती. हात कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं.

"बोल, तेगिल," इन्सुक म्हणाली. सहासष्ट वर्षांची, आवाज कुऱ्हाडीचा. "काय झालं होतं?"

"चूक माझीच," तेगिलनं सुरुवात केली. "अर्थिंगचा बोल्ट मी नीट आवळला नव्हता. तो सैल व्हायचा..."

"आणि बरोबर अमावस्या-पौर्णिमा बघून सैल व्हायचा?"

बायका हसल्या. तेगिलनं घसा खाकरला. "उधाणात हादरे बसतात..."

"वादळात हलला नाही तो? लहानपणी आमच्या बागेतली संत्री चोरलीस तेव्हाही तुझे कान असेच लाल झाले होते. खरं सांग. उद्या या सहा जणींना मी त्या होडीत बसवणार आहे की नाही, ते तुझ्या उत्तरावर आहे."

तेगिलनं ओक्रानकडे पाहिलं. तिचे डोळे त्याच्यावरच खिळले होते. खोटं पटलं नाही तर होडी जाणार, खरं सांगितलं तर म्हातारीची मान खाली जाणार.

"त्याला कशाला पिळतेस?" ग्येसेंगचा आवाज आला. "मी केलं ते. अमावस्या-पौर्णिमेला पहाटे जाऊन मी त्या काळ्या डबीवर दारू ओतायचे. तिनं खालचा बोल्ट खाल्ला. होडी चांगली आहे, पोर त्याहून चांगली आहे. दंड घालायचा तर मला घाला."

इन्सुक काही ओरडली नाही. तिनं मान खाली घातली आणि चिमट्यानं उगाच निखारे सारखे केले.

"किती ओतायचीस?" तिनं विचारलं.

"एक वाटी."

"बोल्ट एका वाटीनं नाही खाल्ला जात." इन्सुकचा आवाज पार बसला होता. "मीपण ओतायचे. दुकानातली, बाटलीतली. तू येऊन गेल्यावर असणार. पायरी ओली असायची, मला वाटायचं दव पडलंय."

"तू?" ग्येसेंग म्हणाली. "अगं, तूच तर तिला काढायला निघाली होतीस!"

"अध्यक्ष म्हणून मला बोलावंच लागतं. सात जणींचा जीव माझ्या शब्दावर आहे. पण ती राहावी असं मला वाटू नये की काय?"

मग पलीकडून कुणीतरी खुदकन हसलं, आणि बांध फुटला. तिसरी म्हणाली, मीही ओतली, पण अर्धीच वाटी, उरलेली घरच्या म्हाताऱ्याला दिली. चौथी आणि पाचवी सख्ख्या जावा, त्या एकमेकींना चोरून गेल्या होत्या. सहावीनं वर मीठही टाकलं होतं, दृष्ट लागू नये म्हणून. ते ऐकून तेगिलनं कपाळाला हात लावला. सातवी चर्चला जाणारी. ती म्हणाली, "मी थेंबही नाही ओतला हं. मी फक्त डबीवर हात ठेवून प्रार्थना केली. हाताला चिकट लागलं, पण मला वाटलं तेल असेल."

"सहा जणींनी पाजल्यावर कुठलं इंजिन शुद्धीवर राहील?" तेगिल ओरडला. "मला सांगितलं असतं तर निदान माझ्या वाटणीची तरी वाचली असती!"

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इन्सुकनं हात वर केला तेव्हा कुठं शांत झाल्या. "आजपासून नेम. देवाची वाटी समुद्रात. डबीला कुणी हात लावायचा नाही. प्रार्थनासुद्धा लांबून." मग ती ओक्रानकडे वळली. "उद्या साडेसहाला. उशीर चालणार नाही."

ओक्राननं मान हलवली. 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून हुंदकाच आला. वसंतापासून या सात जणी आपल्याला तोलतायत, कधी ना कधी काढून टाकणार, असं धरूनच ती रोज सुकाणूवर उभी राहत होती. त्याच सात जणी पहाटेच्या गारठ्यात, एकमेकींना चुकवत, तिच्याच होडीची पायरी चढत होत्या.

"रडतेस कशाला?" ग्येसेंग करवादली आणि जरा सरकून तिनं शेजारची उबेची जागा मोकळी केली. "तुझ्यासाठी नाही ओतली काही. आमच्यासाठी ओतली. दुसऱ्या कुणाच्या होडीत चढायला माझे गुडघे राजी नाहीत. ये, बस इथं."